शायेन नदीतून वासरू कोणी काढिले, येविषयीची हकीकत

सकळ वाचकजनांनी चित्त स्थिर करोन ऐकावे. उत्तर डाकोटा मुलुखीचे सिनेटर श्रीमंत ऑर्विल थॉर्सगार्ड यांणी छत्तीस वर्षे वॉशिंग्टनचा दरबार केला, सहा वेळा निवडणुकीचे रण मारिले, गव्हाच्या भावासाठी बहुत भांडले, कैक अध्यक्ष येताना व जाताना पाहिले, आणि अखेरीस पुस्तक लिहिले. छत्तीस वर्षांत जे कोणा शत्रूस साधिले नाही ते त्या पुस्तकाने साधिले, म्हणजे साहेबांचा जीव टांगणीस लागला. तो कैसा लागला व कोणत्या शर्थीने सुटला, ते जैसे घडले तैसे येथे लिहितो. पदरचे काही घालीत नाही. पदरचे घातल्याने काय अनर्थ होतो हाच या लेखनाचा विषय असल्याकारणे बखरकारास तितकी दहशत आहे.

पुस्तकाचे मूळ ऐसे. सहावी कारकीर्द सरत आली, साहेबांचे गुडघे फितूर जाहले, पुन्हा उभे राहणे नाही असे जाहीर केले, आणि त्या दरबारातून जो उठतो तो आत्मचरित्र ठेवून जातो असा दस्तूर असल्याने साहेबांसही ठेवणे प्राप्त जाहले. मग न्यूयॉर्काहून डेव्हन रस्टिक नामे भाडोत्री कलमबहाद्दर आणविला. त्याने साहेबांशी चार दुपारी गप्पा केल्या, बाकीचा मजकूर सिनेटच्या दफ्तरातील साहेबांच्या जुन्या भाषणांतून उपसला, आणि जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. नाव ठेविले ‘थंड पाण्यात उडी’. मुखपृष्ठावर साहेब गुडघाभर पाण्यात उभे, कवेत भाड्याने आणिलेले वासरू, मुद्रेवर राष्ट्राची चिंता. साहेबांनी मुखपृष्ठ पाहिले, संतोष पावले आणि ग्रंथ छापावयाचा हुकूम केला. आत काय आहे ते वाचिले नाही. आपले आत्मचरित्र आपणच वाचावे असा त्या दरबारी रिवाज नाही, आणि साहेब रिवाज सोडून कधी चालिले नाहीत.

मग सप्टेंबरात ग्रंथांची खोकी घेऊन साहेबांची स्वारी आपले गावी विन्स्टाडास दाखल जाहली. वाचनालयात खुर्च्या मांडिल्या, कॉफीचे हंडे चढले, लिंबाच्या वड्यांची ताटे आली, आणि सारा गाव लोटला. वॉशिंग्टनात पुस्तक मागल्या बाजूने उघडितात, शेवटच्या पानांवरील नावांत आपले नाव आहे की नाही ते पाहतात व नसल्यास पुस्तक जागेवर ठेवितात. विन्स्टाडकरांस ही विद्या कोणी शिकविली नव्हती, तरी त्यांणी तैसेच केले. ज्याचे नाव सापडले त्याने पुस्तक घेतले, ज्याचे सापडले नाही त्याने वडी घेतली.

त्या गर्दीत साहेबांची थोरली बहीण सोल्वेगबाई होती. वय ब्याऐंशी, नजर करडी, चर्चच्या महिलामंडळाची मुखत्यार, आणि साहेबांच्या साही मोहिमांत पाकिटे चिकटवून जिभेचे कातडे केलेली. तिनेही पुस्तक मागून उघडिले. तिचे नाव एकाच पानी होते. ते पान तिने उभ्याने वाचिले, पुन्हा वाचिले, चष्मा पुसून तिसऱ्याने वाचिले, आणि मग पुस्तक मिटून भावापाशी आली.

“वाचलंस?” साहेबांनी हसून विचारिले. “कसं वाटलं?”

“वेगळंच आहे,” सोल्वेगबाई म्हणाली, आणि कोट घालून घरी गेली.

परमुलुखीच्या वाचकास यात काही वावगे दिसणार नाही, म्हणोन खुलासा लिहिणे जरूर आहे. तो सारा मुलूख नॉर्वेहून आलेल्या लोकांचा. ते लोक आवाज चढवीत नाहीत आणि भांडी आपटीत नाहीत. कोणाचे कोठार जळाले तर ‘बरं नाही झालं’ म्हणतात, पोरगा डॉक्टर जाहला तर ‘वाईट नाही’ म्हणतात, आणि याहून अधिक बोलणारास फुशारक्या गणतात. ‘वाईट नाही’ याच्या वर त्यांच्या भाषेत स्तुती नाही, आणि ‘वेगळंच आहे’ याच्या खाली निंदा नाही. मागे एका पाद्रीबाबांच्या नव्या बायकोने जेवणास नवीन तऱ्हेची कोशिंबीर आणिली, तिजवर हे शब्द पडले, आणि पाद्रीबाबांस वर्षाच्या आत बदली मागणे भाग पडले. तेच शब्द आज सख्ख्या बहिणीने उच्चारिले. साहेबांनी हातची कॉफी तशीच खाली ठेविली.

मग साहेब मोटारीत जाऊन बसले, काचा वर केल्या, आणि आपले पुस्तक प्रथमच उघडिले. त्या पानी मजकूर होता तो ऐसा, जे सात वर्षांच्या ऑर्विलने बर्फ फुटल्याचा आवाज ऐकिला, तो धावत गेला, शायेन नदीच्या गारठ्यात उडी घालोन बुडते वासरू ओढून काढिले, आणि देशसेवेचा पहिला धडा त्या पाण्यात शिकला. बहीण सोल्वेग हिने घोंगडी आणिली.

खरी हकीकत याच्या बरोबर उलटी होती. उडी घातली ती अकरा वर्षांच्या सोल्वेगने. तिने छातीभर पाण्यात उभे राहोन वासरास कानाला धरिले आणि काठावर लोटिले, आणि सात वर्षांचे ऑर्विल काठी उभे राहोन मोठ्याने रडत होते. घोंगडी त्यांणी आणिली. वासरू जगले, पुढे त्याची गाय जाहली, आणि ती दोघांसही सारख्याच लाथा मारीत असे. परंतु सोल्वेगच्या डाव्या हाताची दोन बोटे गारठ्याने काळी पडली व डॉक्टरास त्यांची टोके काढावी लागली. त्याच तोकड्या बोटांनी ती सारा जन्म बटाट्याची पातळ पोळी, म्हणजे लेफसा, लाटीत आली, आणि साहेब ती लोणीसाखर लावून खात आले.

लबाडी एका दिवसात जाहली नव्हती. पहिल्या निवडणुकीत एका गावी शेतकरी हाताची घडी घालून बसले होते, भाषण काही केल्या चढेना, तेव्हा साहेबांनी वासराची गोष्ट सांगितली, ती खरीच सांगितली. लोक पुढे सरकले. परंतु बहिणीच्या पराक्रमावर भावास मत कोण देतो. म्हणोन पुढल्या गावी ‘आम्ही’ काढिले, त्याच्या पुढल्या गावी ‘मी’ काढिले, आणि सोल्वेगबाई पहिल्या रांगेत मांडीवर पत्रके घेऊन बसली होती तिने टाळ्या वाजविल्या. साहेब निवडून आले, आणि सिनेटातील पहिल्याच भाषणी वासरू पुन्हा काढिले. ते दफ्तरी छापिले गेले. तेथून डेव्हनने उचलिले.

दुसरे दिवशी साहेबांनी बहिणीस फोन लाविला.

“सोल्वेग, रागावलीस का?”

“नाही.”

“मग काय झालं?”

“काही नाही. हवा गार झालीय जरा.”

“वासराचं म्हणत असशील, तर तो डेव्हन...”

“डेव्हन नदीवर नव्हता, ऑर्व्ही.”

 साहेबांनी डेव्हनाचे नाव पुन्हा काढिले नाही.

“निवडणुकीत बोलायचास ते मी चालू दिलं,” सोल्वेगबाई म्हणाली. “मतं पाहिजे होती, आणि समोरचा तुझ्याहून लबाड होता. पण पुस्तक लायब्ररीत राहणार. आज सकाळी मंडळात बर्निस विचारत होती, घोंगडी कुठली गं, लोकरीची का? आणि सगळ्या माझ्या हाताकडे बघत बसल्या. जन्मभर त्यांना सांगत आले, बोटं नदीत गेली म्हणून. आता त्यांना वाटतंय मीच थापा मारत होते.”

“पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो.”

“निघणार आहे पुढची आवृत्ती?”

पहिल्याच आवृत्तीने प्रकाशकाची वखार भरलेली होती. सोल्वेगबाई उत्तराची वाट पाहत बसली नाही.

“जिथे पहिल्यांदा छापून घेतलंस तिथे जाऊन खरं सांग. तोवर नोव्हेंबरच्या जेवणाला तुझी खुर्ची बर्निसच्या जावयाला दिलीय मी.”

नोव्हेंबरात विन्स्टाडच्या चर्चच्या तळघरात माशाचे जेवण होते, आणि बहिणीच्या उजव्या हाताची खुर्ची साहेबांची असे. साहेबांनी लढाईखर्चाचे मतदान चुकविले होते, परंतु ती खुर्ची कधी चुकविली नव्हती. आणि येत्या जानेवारीत तर ते कायमचेच विन्स्टाडी राहावयास जाणार. बायको वारली होती, मुले लांब समुद्रकिनाऱ्यांस जाऊन राहिली होती, आणि सोल्वेगवाचून त्या गावी साहेबांचे म्हणावे ऐसे माणूस उरले नव्हते. तिने तोंड फिरविल्यास ते गाव ते गाव नव्हे. साहेबांस हे त्या क्षणी लख्ख कळले, आणि मनुष्य म्हातारपणी घाबरतो तैसे ते घाबरले.

मग वॉशिंग्टनी परत येऊन कारभारीण प्रिसिला वॉन हीस मसलतीस बोलाविले. ही बाई साहेबांच्या कचेरीत तरुणपणी आली ती तेथेच पिकली, आणि साहेबांस अंतर न देता खडसावू शकेल ऐसे दरबारी तीच एक होती.

“जुनं भाषण दुरुस्त करायचंय,” साहेब म्हणाले.

“किती जुनं?”

“पहिलं.”

“अहो, लोक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतात. तुम्ही छत्तीस वर्षांनी निघालात. आणि त्याला सगळ्यांची संमती लागते. एकाने हरकत म्हटलं की संपलं.”

“एका वासराला कोण हरकत घेणार?”

“पिकरेल,” प्रिसिलाबाई म्हणाली. “ते प्रार्थनेलाही हरकत घेतील.”

हे थॅडियस पिकरेल दक्षिणेकडील एका मुलुखीचे सिनेटर, विरुद्ध पक्षाचे, साहेबांचे जुने प्रतिस्पर्धी आणि तितकेच जुने स्नेही. परंतु या खेपेस खोट केवळ पिकरेलांच्या स्वभावाची नव्हती. साहेबांचा बेत दरबारी फुटला, आणि भोजनगृहात घेवड्याचे सूप पिता पिता मोठमोठ्या सरदारांचे चमचे थांबले. कारण त्या सभेत आत्मचरित्र नाही ऐसा सभासद विरळा, आणि आत्मचरित्रात लहानपणीचे संकट नाही ऐसे आत्मचरित्र नाही. कोणी कंदिलाखाली शिकले होते, कोणी कोळशाच्या खाणीत भाकर पोचविली होती, कोणाच्या आजीने एका ट्रंकेनिशी समुद्र ओलांडिला होता. आज वासरू दुरुस्त जाहले तर पायंडा पडतो.

“आज त्याचं वासरू गेलं,” आजीवाले सिनेटर हळूच म्हणाले, “उद्या माझ्या आजीच्या ट्रंका मोजतील.”

तेव्हा सर्वांनी एकमते ठरविले की हरकत घ्यावी, ती पिकरेलांनी घ्यावी, आणि बाकीच्यांनी खेद दाखवावा.

ऑक्टोबरचे एके सकाळी साहेब निरोपाचे भाषणास उभे राहिले. सभागृह भरले होते. साहेबांनी गहू आठविला, धरणे आठविली, स्वर्गवासी पत्नीस आठविले, आणि अखेरीस अर्ज केला की आपले पहिले भाषण दफ्तरी दुरुस्त व्हावे, यास सर्वांची संमती असावी.

“हरकत आहे,” पिकरेल बसल्या जागेवरूनच म्हणाले. सर्वांनी खेद दाखविला.

साहेब बसले नाहीत. त्या सभेचा कायदा ऐसा की जो उभा आहे त्याचे बोलणे कोणी बंद करू शकत नाही, तो काय बोलतो यासही धरबंध नाही, मात्र तो बसला किंवा दाराबाहेर गेला की रण गमाविले. साहेबांनी प्रिसिलाबाईस खूण केली. दार उघडिले, आणि ती एक ढकलगाडी लोटीत आत आली, तिजवर सभासदांची आत्मचरित्रे कंबरेपर्यंत रचिलेली. गाडीचे एक चाक कुरकुरत होते. त्या आवाजाने जे सरदार डुलक्या घेत होते ते जागे जाहले, आणि तोफखाना कोणाकडे तोंड करितो ते पाहू लागले.

साहेबांनी प्रथम आपलेच पुस्तक घेतले आणि वासराचे पान ओळीओळीने वाचिले. प्रत्येक ओळीपुढे थांबोन ‘हे मी केले नाही’ ऐसे म्हणत गेले. मग आजीवाल्यांचे पुस्तक काढिले, आजी बंदरावर उतरते तेथवर आले, आणि ट्रंकेपाशी थांबोन पाणी प्याले. आजीवाले बाहेर गेले. मग खाणवाले, मग कंदीलवाले. वाचन सावकाश, आवाज गोड, टीका एका अक्षराची नाही. दुपार कलंडली. गुडघे बंड करू लागले, घोटभर पाणी घ्यावे तर पोटाखालचा मुलूख शत्रूस मिळतो, न घ्यावे तर घसा पडतो, ऐसे दोन्हीकडून संकट. साहेबांनी मेजाची कड धरिली. अकरा वर्षांची पोर त्या पाण्यात किती वेळ उभी होती हे त्यांस आजवर कधी आठवावेसे वाटले नव्हते. आता ते आठवोन उभे राहिले.

तेव्हा साहेबांनी पिकरेलांचा ग्रंथ हाती घेतला. त्यात थॅडियस बालपणी धाकट्या भावास पाठुंगळीस घेऊन अनवाणी शाळेत जात असे त्याचे वर्णन होते, आणि ते वाचोन दक्षिणेत अनेकांनी डोळे पुसले होते. साहेबांनी पान काढिले, मेजावर उपडे ठेविले, आणि घोटभर पाणी घेतले. पिकरेल उठून साहेबांच्या मेजापाशी आले व वाकून कुजबुजले.

“ते पान वाचणार आहेस का?”

“वाचावं म्हणतो. छान लिहिलंय.”

“माझ्या वडिलांचं दुकान तसं लहानच होतं, ऑर्विल.”

“मला दाखवलं होतंस तू. ‘पिकरेल आणि मुलगे, बूट व चपला’. पाटी बरीच मोठी होती.”

पिकरेलांनी विषय पालटला. “तुझी बहीण किती वर्षांची आहे?”

“ब्याऐंशी.”

“आणि अजून रुसते?”

“रुसत नाही. हवा गार झालीय म्हणते.”

“माझी बहीण असती तर जोड्याने मारलं असतं मला.”

“जोडे होते ना तुमच्याकडे,” साहेब म्हणाले. “दुकानभर.”

पिकरेलांस हसू आवरेना, ते त्यांणी खोकल्यात दडविले. मग तह जाहला. त्याची कलमे ऐसी: पिकरेलांनी हरकत मागे घ्यावी, साहेबांनी अनवाण्या पावलांस धक्का लावू नये, आणि उभय पक्षी जी पुस्तके जैसी आहेत तैसी वखारीत सुखे नांदावी. पिकरेल जागेवर जाऊन म्हणाले की हरकत नाही. अध्यक्षस्थानावरून विचारणा जाहली, आणखी कोणाची हरकत? ढकलगाडीवर अजून पुष्कळ पुस्तके शिल्लक होती. कोणाची हरकत नव्हती. हुकूम जाहला, आणि साहेब लगबगीने दाराबाहेर गेले.

दफ्तरी जी दुरुस्ती छापिली ती साहेबांनी स्वहस्ते लिहिली, डेव्हनास बोलाविले नाही. ती येणेप्रमाणे: “वासरू माझी बहीण सोल्वेग हिने काढले. त्यात तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. मी काठावर उभा होतो आणि रडत होतो.”

मग साहेब तो कागद कोटाच्या आतल्या खिशात घेऊन विन्स्टाडास कूच करिते जाहले. नोव्हेंबरचे जेवण लागले होते. तळघरात माशाचा वास कोंदला होता, वितळलेल्या लोण्याचे तांबे फिरत होते, आणि सोल्वेगबाईच्या उजव्या हातास बर्निसचा जावई बसला होता. साहेबांनी कोणास रामराम न करिता कागद बहिणीपुढे ठेविला. तिने हाताचे पीठ पुसले, कागद वाचिला, आणि बर्निसकडे दिला. बर्निसने तो मोठ्याने वाचिला. बायका सोल्वेगच्या डाव्या हाताकडे पाहू लागल्या, आणि या खेपेस तिने तो मेजाखाली नेला नाही.

“वाईट नाही,” सोल्वेगबाई म्हणाली.

 बर्निसचा जावई आपण होऊन उठला, ताट उचलून दुसऱ्या मेजास गेला, आणि साहेब आपल्या खुर्चीवर बसले. येणेप्रमाणे वासराची मोहीम फत्ते जाहली. साही निवडणुकांच्या विजयी रात्री साहेबांचे डोळे कोरडे होते. आज त्यांस माशाकडे पाहत बसावे लागले.

सोल्वेगबाईने त्यांच्या ताटात लेफसा वाढिली, लोणी लाविले, साखर भुरभुरली, आणि कागद पुन्हा ओढून घेतला.

“घोंगडीचं काहीच नाही यात.”

“त्यात काय सांगायचं.”

“आणलीस ना तू. रडत रडत घरापर्यंत पळालास आणि आणलीस. नाहीतर मी गारठूनच मेले असते.” तिने कागदाची घडी घालून एप्रनच्या खिशात ठेविली. “तेवढं घालायला पाहिजे होतंस.”

 साहेबांनी लेफसा खाल्ली, आणि तिने दुसरी वाढिली.

आता सिनेटचे दफ्तर साहेबांस बंद जाहले आहे, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि बाईची मर्जी तर मोडता येत नाही. करितां ती नोंद येथे केली असे. घोंगडी ऑर्विल थॉर्सगार्ड यांणी आणिली, आणि वेळेवर आणिली. यास कोणाची हरकत नाही.